कीबोर्ड स्टेजवर नेताना: वाद्य, पट्टी, वायर आणि वीज

दुकानात हेडफोन लावून ऐकलेला पियानो भरदार वाटतो. तोच पियानो मांडवात ढोलकी, ऑक्टापॅड, बेस गिटार आणि दोन गायकांबरोबर वाजू लागला की त्याचा खर्जाकडचा भाग बेसमध्ये बुडतो, वरची चमक झांज-टाळांत विरते आणि श्रोत्यांपर्यंत मधला पातळ आवाज तेवढा पोचतो. वाद्य तेच, बोटंही तीच. मग वादक आणखी महागडा कीबोर्ड घेतो आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच घडतं.

पट्टी दाबल्यापासून श्रोत्याच्या कानापर्यंत आवाजाचा बराच प्रवास होतो. वाद्यातला टोन (म्हणजे पियानो, बासरी असा निवडलेला आवाज), त्याची पातळी, जॅक, वायर, मिक्सर, स्पीकर आणि या सगळ्याला लागणारी वीज. यातलं एक जरी बिघडलं तरी वाद्याची किंमत कामी येत नाही. म्हणून कीबोर्ड निवडताना कॅटलॉगपासून नव्हे, स्टेजपासून सुरुवात करावी. हा लेख प्रामुख्याने आपल्याकडच्या वाद्यवृंदांसाठी आहे: भावगीतांचे कार्यक्रम, जुन्या गाण्यांचा ऑर्केस्ट्रा, लग्नातली संगीत संध्या, गणपती-नवरात्राचं स्टेज.

आधी गाण्यांची यादी, मग दुकान

रॉक बँडमधला कीबोर्डवादक बहुधा पियानो, ऑर्गन, सिंथ असे कीबोर्डचेच आवाज वाजवतो. आपल्या ऑर्केस्ट्रात त्याला बासरी, सनई, सतार, मेंडोलिन, ॲकॉर्डियन, सॅक्सोफोन आणि व्हायोलिनचा अख्खा ताफा व्हावं लागतं, कारण स्टेजवर तेवढी माणसं नसतात. ही परंपरा जुनी आहे. १९५४ साली 'नागिन' या हिंदी चित्रपटात गाजलेली बीन खऱ्या पुंगीची नव्हती. कल्याणजी वीरजी शाह (पुढे कल्याणजी-आनंदजी जोडीतले संगीतकार) यांनी ती क्लॅव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या छोट्या कीबोर्डवर वाजवली होती. त्या वाद्यात आजच्यासारखे नमुना-ध्वनी (खऱ्या वाद्यांचे मुद्रित आवाज) नव्हते, तरी ऐकणाऱ्याला बीनच ऐकू आली. नक्कल टोनमध्ये अर्धीच असते. उरलेली अर्धी एका सुरावरून दुसऱ्यावर कसं जायचं, कुठे थांबायचं, श्वास कुठे घ्यायचा यात असते.

यातून खरेदीसाठी एक साधी रीत निघते. तुमचा ग्रुप खरोखर वाजवतो ती गाणी कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे इंट्रो, मधले पीस (गाण्यातले नुसत्या वाद्यांचे तुकडे) आणि भरावाला कोणता टोन लागतो ते नोंदवा. पन्नास गाण्यांची यादी केली तरी वेगवेगळे टोन बहुधा वीस-पंचवीसच्या पुढे जात नाहीत. दुकानात गेल्यावर हजार टोन ऐकत बसू नका, तेवढेच वीस-पंचवीस ऐका. बासरी आणि सोलो व्हायोलिन आधी ऐका, कारण स्वस्त वाद्यं तिथेच उघडी पडतात. आणि जमलं तर हेडफोन काढून, एका स्पीकरवर ऐका.

वाद्याचे तीन प्रकार

अरेंजर कीबोर्डमध्ये डाव्या हाताने कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर) धरली की ड्रम, बेस, गिटार आपोआप वाजू लागतात. यामाहाची पीएसआर-एसएक्स मालिका किंवा कॉर्गची पीए मालिका ही त्याची उदाहरणं. एकटा गायक आणि एकटा वादक असा कार्यक्रम असेल तर याच्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. पण ज्या ग्रुपमध्ये तबला, ढोलकी, ऑक्टापॅड आणि बेस वाजवणारी माणसं आहेत तिथे हा आपोआप चालणारा भाग बंदच ठेवावा लागतो. ज्याचे पैसे मोजले तेच वापरायचं नाही, असा तो व्यवहार होतो.

दुसरा प्रकार सिंथेसायझर किंवा वर्कस्टेशन. कॉर्गच्या एम-१ने १९८८ मध्ये हा प्रकार जगभर रुळवला. आज रोलंडचे एक्सपीएस-३० आणि ज्युनो-डीएस, यामाहाचा एमओडीएक्स, कॉर्गचा क्रॉस ही नावं आपल्या स्टेजवर दिसतात. यांना बहुधा स्वतःचे स्पीकर नसतात, त्यामुळे नवशिक्याला ते अर्धवट वाटतात. पण पट्ट्यांचे भाग पाडून दोन टोन ठेवणं, एकावर एक टोन चढवणं, टोनमध्ये बदल करून जपून ठेवणं ही कामं यांच्यावर नीट होतात. ऑर्केस्ट्रासाठी माझा कौल निःसंशय यालाच.

तिसरा स्टेज पियानो. पट्ट्या खऱ्या पियानोसारख्या जड, पियानोचा टोन उत्तम, बाकीचे टोन मोजके. गझल किंवा पियानो प्रधान असलेल्या कार्यक्रमात तो शोभतो. मात्र बासरीचा जलद पीस जड पट्ट्यांवर वाजवताना बोटं दमतात, आणि लावणीच्या मधल्या पीसला ती चपळाई हवीच असते.

पट्ट्या किती, हा प्रश्न हमखास येतो. ६१ पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं. मधोमध भाग पाडला तर डावीकडे स्ट्रिंग्ज (व्हायोलिनच्या ताफ्याचा टोन) आणि उजवीकडे बासरी यांना अडीच-अडीच सप्तकं मिळतात, आणि बहुतेक गाण्यांना ती पुरतात. ८८ पट्ट्यांच्या वाद्याचा सगळ्यात खालचा सूर २७.५ हर्ट्झचा असतो. तिथे बेस गिटारवाला आधीच उभा आहे, आपल्याला त्या बाजूला जायची गरजच पडत नाही. वजनाचाही विचार हवा. ज्युनो-डीएस६१ साधारण ५.३ किलोचा आहे, एमओडीएक्स६ साधारण ६.६ किलोचा. जड पट्ट्यांची ८८ची वाद्यं केससकट उचलायला दोन माणसं लागतात. महिन्यात आठ कार्यक्रम करणाऱ्याच्या पाठीला हा फरक कळतो.

सूर वाकवणारी कळही तपासा. रोलंड आणि कॉर्गच्या बऱ्याच वाद्यांवर डावी-उजवीकडे हलणारी दांडी असते, यामाहावर बहुधा वर-खाली फिरणारं चाक. ही कळ बहुधा दोन अर्धस्वरांपर्यंत सूर हलवेल अशी लावून येते. सनईची किंवा बासरीची मींड त्याहून लांब असेल तर त्या टोनपुरती मर्यादा वाढवून जपून ठेवा. डाव्या हाताला या कळीची सवय लावणं हा वेगळा रियाज आहे, आणि टोन बदलण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

काळी चार, पांढरी दोन आणि ट्रान्सपोज

आपल्याकडे गायक आपली पट्टी, म्हणजे षड्ज कुठे धरायचा ते, सांगतो "काळी एक" किंवा "पांढरी चार" असं. वाद्याच्या पडद्यावर दिसतं ते सी, सी शार्प, डी. दोन्हींची सांगड डोक्यात पक्की हवी. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक म्हणजे सी शार्प, पांढरी दोन डी, काळी दोन डी शार्प, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, काळी तीन एफ शार्प, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प, पांढरी सहा ए, काळी पाच ए शार्प, पांढरी सात बी. पुरुष गायक काळी एक-पांढरी दोनच्या आसपास आणि गायिका काळी चार-काळी पाचच्या आसपास, असा सर्वसाधारण अनुभव. त्यामुळे एकाच कार्यक्रमात षड्ज सतत सरकत राहतो.

सगळे सूर अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर-खाली सरकवणारं ट्रान्सपोजचं बटण इथे मदतीला येतं. पांढरी एकमध्ये बसवलेला पीस काळी एकमध्ये हवा असेल तर अधिक एक. काळी चारसाठी उणे चार किंवा अधिक आठ. या दोन्हींत षड्ज तोच मिळतो, पण अधिक आठ केलं की सगळं एका सप्तकाने वर जातं आणि बासरी किरटी होऊ शकते, म्हणून बहुतेकदा उणे चार बरं. धोका एकच: गाणं संपलं, ट्रान्सपोज तसाच राहिला आणि पुढच्या गाण्याचा पहिला सूर गायकाच्या तोंडावर चुकीचा आदळला. यावर चांगला उपाय म्हणजे प्रत्येक गाण्याची टोनसकट मांडणी वेगळी जपून ठेवणं, ज्यात ट्रान्सपोजही जपला जातो. बऱ्याच वाद्यांत ही सोय असते. काहींत ट्रान्सपोज जपला जात नाही, हे घरीच तपासून घ्यावं. तसं असेल तर गाण्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे तो आकडा मोठ्या अक्षरात लिहा.

गायकाच्या पट्टीइतकंच महत्त्वाचं, आणि फार कमी जण लक्ष देतात असं काम म्हणजे हार्मोनियमशी जुळवणी. कीबोर्ड मुळात ए म्हणजे ४४० हर्ट्झ या मापावर येतो. हार्मोनियम त्या मापावर असेलच असं नाही. जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरी असू शकते. पेटी ४४२वर आणि कीबोर्ड ४४०वर असेल तर दोघांनी तोच सूर धरल्यावर दर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. गायकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, फक्त सूर लागत नाही असं वाटत राहतं. पेटीचे सूर स्टेजवर बदलता येत नाहीत, कीबोर्डचे येतात. मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने पेटीचा पांढरी सहाचा सूर मोजा आणि कीबोर्डच्या मास्टर ट्यूनमध्ये तो आकडा घाला. दोन मिनिटांचं काम आहे. हे केलेला भावगीतांचा कार्यक्रम आणि न केलेला कार्यक्रम यांतला फरक पहिल्याच गाण्यात कळतो.

घरीच करायची तयारी

कंपनीने भरलेले टोन दुकानात एकट्याने ऐकल्यावर मन जिंकावं म्हणून बनवलेले असतात. त्यांच्यात भरपूर रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) असतो, डावी-उजवीकडे पसरलेला आवाज असतो, खर्जही जाड असतो. ग्रुपमध्ये हे तिन्ही आड येतात. सभागृहाचा स्वतःचा घुमारा असतोच, त्यात टोनचा रिव्हर्ब मिसळला की पीसच्या जागा अस्पष्ट होतात. म्हणून रिव्हर्ब घरी आवडतो त्याच्या निम्म्यावर आणा. स्ट्रिंग्ज आणि पॅड (मागे भरून राहणारा संथ टोन) यांमधला खर्ज साधारण १०० हर्ट्झच्या खाली कापून टाका. घरी तो टोन पोकळ वाटेल, पण स्टेजवर बेस आणि ढोलकीच्या डग्याला जागा मिळेल आणि तुमचे स्ट्रिंग्ज उलट स्पष्ट ऐकू येतील.

हातालाही तीच शिस्त लागते. एकट्याने वाजवताना डाव्या हाताने खर्जात कॉर्ड भरायची सवय लागलेली असते. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. तिच्या वरच्या दीड सप्तकात तुम्ही तीन-तीन सूर धरलेत तर दोघांचंही काही कळत नाही. बेसवाला असेल तेव्हा डावा हात वर घ्या, कॉर्डमधले दोनच सूर ठेवा. ग्रुपचा आवाज लगेच मोकळा होतो.

टोनच्या पातळ्या जुळवणं हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम. बासरी हळू, ब्रास (ट्रम्पेटसारखा टोन) दुप्पट मोठा, असं असेल तर साउंडवाला प्रत्येक टोनला मिक्सरवर धावू शकत नाही. सगळे टोन एकामागून एक वाजवून, प्रत्येकाची पातळी बदलून, जपून ठेवा. हे हेडफोनवर हळू आवाजात करू नका. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र सूर कमी ऐकू येतात, मोठ्या आवाजात ते वर येतात. त्यामुळे घरी जुळलेलं स्टेजवर बिनसतं. सरावाच्या खोलीत, सगळे वाजवत असताना केलेली जुळवणीच टिकते. काम झालं की सगळं पेनड्राइव्हवर काढून ठेवा.

जॅकपासून मिक्सरपर्यंत

महागड्या वाद्याचा आवाज सगळ्यात स्वस्तात खराब होतो तो इथे. कीबोर्डच्या पाठीमागे दोन आउटपुट असतात, डावं आणि उजवं. डाव्यावर बहुधा मोनो असंही लिहिलेलं असतं. मिक्सरवर एकच चॅनेल मिळणार असेल तर फक्त डाव्या जॅकमध्ये पिन घाला, उजवा मोकळा ठेवा. मग वाद्य स्वतः दोन्ही बाजू मिसळून देतं. उजव्यात नुसती पिन खोचलेली राहिली तर अर्धाच आवाज जातो.

मोनोत एक अडचण राहते. पियानोचे काही टोन दोन मायक्रोफोनने ध्वनिमुद्रित केलेले असतात. दोन्ही बाजू मिसळल्या की काही सूर एकमेकांना अंशतः खोडतात आणि पियानो डब्यातून वाजल्यासारखा येतो. मांडवात श्रोते एका बाजूच्या स्पीकरपाशी बसलेले असतात, म्हणजे त्यांना बहुतेकदा मोनोच ऐकू येतं. त्यामुळे मोनोत चांगला वाटणारा पियानो शोधून ठेवणं शहाणपणाचं.

सुरुवातीच्या श्रेणीतल्या कीबोर्डना अनेकदा वेगळा लाइन आउट नसतोच, एकच स्टिरिओ हेडफोन जॅक असतो. त्यात स्टिरिओ पी-३८ (पाव इंची जॅक पिन) घालून दुसरं टोक कॅनन पिनने (तीन टोकांची एक्सएलआर) थेट मिक्सरला दिलेलं बरेचदा दिसतं. हे कधीच करू नका. मिक्सरचा बॅलन्स्ड इनपुट एका तारेतून आलेला संकेत दुसऱ्या तारेतल्या संकेतातून वजा करतो. इथे एका तारेत डावी बाजू आहे, दुसरीत उजवी. दोन्हींत सारखं जे काही आहे ते वजाबाकीत नाहीसं होतं, आणि मधला मुख्य आवाजच गायब होऊन नुसता घुमारा उरतो. त्यासाठी स्टिरिओ जॅकमधून दोन मोनो पिना काढणारी वाय केबल लागते. ती स्वस्त मिळते, बॅगेत एक जास्तीची ठेवावी.

हीच वजाबाकी योग्य जागी वापरली की उपकार करते, आणि डीआय बॉक्सचं काम तेच आहे. कीबोर्डच्या साध्या वायरमध्ये एकच संकेत-तार असते. ती पाच-सहा मीटरच्या पुढे नेली की वाटेतला दिव्यांचा, डिमरचा, विजेच्या तारांचा गोंगाट उचलते. डीआय बॉक्स तोच आवाज दोन तारांवर एकमेकांच्या उलट करून पाठवतो. वाटेत गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो. मिक्सर वजाबाकी करतो तेव्हा गोंगाट जातो आणि आवाज दुप्पट होऊन उरतो. मग वायर तीस मीटर नेली तरी चालतं. साउंडवाल्याकडे डीआय असेलच असं धरून चालू नका, स्वतःचा घ्या. कीबोर्डचं आउटपुट तगडं असतं, त्यामुळे साधा पॅसिव्ह डीआयही पुरतो.

वाद्याचा मुख्य व्हॉल्यूम तीन-चतुर्थांशावर ठेवा आणि कार्यक्रमभर तिथेच राहू द्या. फार कमी ठेवला तर मिक्सरवर गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवावा लागतो आणि सोबत सूंऽऽ असा आवाज वर येतो. गाण्यातली चढउतार एक्स्प्रेशन पेडलने (पायाने आवाज कमी-जास्त करणाऱ्या पेडलने) करा. हे पेडल घेताना आपल्या कंपनीच्या वायरिंगशी जुळतं का ते पाहा, कारण ते सगळ्यांचं सारखं नसतं.

स्वतःला ऐकू येणं हा मागून मिळाला तर बघू असा प्रकार नव्हे. ज्या वादकाला आपला आवाज येत नाही तो नकळत पट्ट्या जोरात दाबतो. बहुतेक टोन जोरात दाबल्यावर नुसते मोठे होत नाहीत, कर्कशही होतात. समोर मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) मागा, त्यात स्वतःचा आवाज आणि मुख्य गायक एवढंच घ्या. स्वतःचा ॲम्प नेणार असाल तर कीबोर्डचा किंवा छोटा पीए (सभेला लावतात तसा) स्पीकर न्या. गिटारचा ॲम्प तीव्र सूर दाबतो, त्यावर पियानो आणि स्ट्रिंग्ज दोन्ही बसके वाटतात.

वीज

कीबोर्डवर एक नजर, विजेच्या बोर्डावर दोन. मांडवातली वीज तात्पुरत्या जोडणीची किंवा जनरेटरची असते. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रलची तार सैल झाली किंवा तुटली, तर २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये व्होल्टेज ४००च्या दिशेने चढू शकतं. असं झालं तर एका क्षणात ॲडॉप्टर, कीबोर्ड, मिक्सर सगळं जळतं. एक साधा मल्टीमीटर जवळ ठेवा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या जवळ, फेज आणि अर्थमध्येही तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम दोन-तीन व्होल्ट, असं दिसलं तरच पिन घाला. मीटर धरायची सवय नसेल तर मांडवाच्या वायरमनकडून समोर मोजून घ्या. मिक्सर आणि सगळी वाद्यं एकाच फेजवर, दिव्यांपासून वेगळी घ्या, हेही त्यालाच सांगा.

घूंऽऽ असा ५० हर्ट्झचा आवाज येत असेल तर बहुधा कीबोर्ड आणि मिक्सर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झालेले असतात. यावर काही जण प्लगची अर्थ पिनच तोडतात. आवाज थांबतो, पण बिघाड झाला तर ती वीज माइक धरलेल्या गायकाच्या ओठांतून वाट काढते. अर्थ कधीही तोडू नका. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्ट नावाचं छोटं बटण याच कामासाठी असतं, ते दाबा.

काही वर्कस्टेशन सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं घेतात. जनरेटर क्षणभर अडखळला की तेवढा वेळ तुम्ही हात बांधून उभे. छोटा यूपीएस त्यासाठी पुरतो. ज्युनो-डीएस६१सारखी काही वाद्यं बॅटरीवरही चालतात, पावसाळ्यातल्या कार्यक्रमांना त्याचा मोठा आधार वाटतो. ॲडॉप्टर मात्र दुसऱ्याचा उसना लावू नका. व्होल्टेज सारखं दिसलं तरी पिनच्या आत अधिक आणि बाहेर उणे, की उलट, हे कंपनीगणिक बदलतं.

लॅपटॉपवरचे टोन वाजवणाऱ्यांनी पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या विलंबाचा हिशोब ठेवावा. ४८,००० हर्ट्झवर १२८ नमुन्यांचा बफर (आवाज बाहेर सोडण्याआधी साठवलेला तुकडा) म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, ५१२चा म्हणजे जवळपास ११. प्रत्यक्षात त्यात ऑडिओ इंटरफेसचा (लॅपटॉपचा आवाज बाहेर काढणाऱ्या पेटीचा) थोडा वेळ मिळतो. ढोलकीबरोबर जलद पीस वाजवताना ५१२ हाताला जाणवतो. वायफाय बंद, झोपी जाण्याची सेटिंग बंद, आणि यूएसबीची वायर स्टँडला बांधलेली, म्हणजे कोणाच्या पायात अडकून निघणार नाही.

स्टेजवर पोचल्यावर

स्टँड आधी लावा आणि हलवून बघा, मांडवाच्या फळ्या एकसारख्या नसतात. पट्ट्या कोपराच्या उंचीला याव्यात. सूर लांबवणारं सस्टेन पेडल वाद्य बंद असतानाच जोडा आणि सुरू होईपर्यंत त्यावर पाय ठेवू नका. बरीच वाद्यं सुरू होताना पेडलची दिशा ओळखतात. त्या वेळी ते दाबलेलं असेल तर कार्यक्रमभर उलटं चालतं, पाय उचलला की सूर लांबतो. मग वायर जोडा, साउंडवाल्याला चॅनेल बंद ठेवायला सांगा, वाद्य सुरू करा, आणि त्यानंतरच चॅनेल उघडू द्या. कार्यक्रम संपल्यावर याच्या उलट क्रम, नाहीतर बंद होताना येणारा ठोका स्पीकरला बसतो.

साउंड चेकला तीनच मिनिटं मिळाली तर आवडता पीस वाजवत बसू नका. सगळ्यात मोठा टोन, सगळ्यात हळू टोन, डाव्या हाताचे खालचे स्ट्रिंग्ज, आणि शेवटी गायकाबरोबर एका संथ गाण्याचा मुखडा. एवढं ऐकलं की साउंडवाल्याला तुमचा चॅनेल नीट लावता येतो.